चंद्र रोज पडतो, पोचत मात्र नाही

संकष्टीचा उपास असलेल्या घरात रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला एक ठरलेली लगबग असते. मोदक वाफवून झालेले असतात, आरतीचं तबक तयार असतं आणि कुणीतरी दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन येतं. दिनदर्शिकेच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तीही गावागणिक वेगळी. नागपूरचा उपास मुंबईच्या आधी सुटतो, साधारण वीस-पंचवीस मिनिटं तरी, कारण नागपूर सव्वासहा अंश पूर्वेला आहे. आभाळ भरून आलं, चंद्र दिसलाच नाही, तरी घड्याळात ती वेळ झाली की पानं वाढली जातात. छापलेल्या मिनिटावर इतका भरवसा आपण दुसऱ्या कुठल्याच वेळापत्रकावर ठेवत नाही.

ही वेळ वर्षभर आधी छापता येते, कारण चंद्र एका पक्क्या हिशोबाने बांधलेला आहे. बांधणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण, एवढं सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते पुढच्या प्रश्नाशी. पृथ्वी चंद्राला ओढते, तर तो येऊन आदळत का नाही? यावर शिकलीसवरली माणसंही सांगतात की दुसरं एक बल त्याला बाहेर ओढतं, दोन्ही सारखी असतात, म्हणून तो मधल्या मधे राहतो. ऐकायला हे बरं वाटतं, पण जरा विचार करा. दोन्ही बाजूंची ओढ खरंच फिटली असती तर चंद्रावर कसलीच ओढ उरली नसती. मग तो वळला कशाला असता? नाकासमोर सरळ निघून गेला असता.

चंद्र वळतो, कारण तो पडतो आहे. अखंड पडतो आहे.

सेकंदाला १.४ मिलिमीटर

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि सेकंदाला सुमारे १,०२२ मीटर या वेगाने पळतो आहे. आता या एका सेकंदाचे दोन भाग करून पाहू. पृथ्वी नसती तर चंद्र त्या सेकंदात १,०२२ मीटर अगदी सरळ रेषेत गेला असता आणि पृथ्वीपासून किंचित दूर सरकला असता. पृथ्वी आहे, म्हणून त्याच सेकंदात तो त्या सरळ रेषेपासून पृथ्वीच्या बाजूला घसरतो. किती? जेमतेम १.४ मिलिमीटर. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर जी जाडी होते, त्याहून किंचित कमी.

पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. एक किलोमीटर पुढे, दीड मिलिमीटरहून थोडं कमी आत. हे असे चिमुकले झुकाव सत्तावीस दिवस आणि आठ तास साठत गेले की एक पूर्ण फेरी होते. चंद्राची कक्षा म्हणजे एवढंच आहे. जितकं दूर जायचं तितकंच पडायचं, त्यामुळे अंतर जवळपास तेवढंच राहतं.

हा दीड मिलिमीटर आला कुठून, हे न्यूटनने ज्या रीतीने तपासलं ती रीत मला अजूनही त्या सफरचंदाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून एक त्रिज्या अंतरावर आहोत, चंद्र सुमारे साठ त्रिज्यांवर. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी दुबळी झालेली असणार. ४.९ मीटरला ३,६०० ने भागा. उत्तर १.३६ मिलिमीटर येतं. दुसरीकडे चंद्राचं अंतर आणि फेरीचा काळ घेऊन त्याचा मार्ग सेकंदाला किती वळतो हे भूमितीने काढा. तेही १.३६ मिलिमीटरच.

यातली एक गंमत सहज सुटून जाते. वस्तू किती पडते हे वेळेच्या वर्गाने वाढतं, आणि मिनिटाचे सेकंदही साठच. त्यामुळे झाडावरचं फळ एका सेकंदात जेवढं पडतं, बरोबर तेवढाच चंद्र एका मिनिटात पडतो. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने हाच ताळा मांडला आहे. दोन्हीकडे त्याचं उत्तर आलं पॅरिसच्या मापाने पंधरा फूट आणि वर थोडं. परसातलं फळ आणि आभाळातला चंद्र एकाच नियमाखाली आले ते या एका आकड्यामुळे.

आपल्याकडे या ठिकाणी भास्कराचार्यांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात त्यांनी म्हटलं आहे की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, आणि आपल्याला वाटतं वस्तू पडली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांच्या ग्रंथांचं अध्यापन चालावं म्हणून नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. बाराव्या शतकातली ही समज मोठीच आहे. पण ती ओढ अंतराबरोबर किती कमी होते आणि तीच चंद्रालाही वळवते का, हा हिशोब त्यात नाही. 'आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणताना एवढा फरक डोळ्यांआड करू नये. भास्कराचार्यांचा मान त्याने कमी होत नाही.

डोंगरावरची तोफ

पडणं आणि फिरणं एकच आहे, हे दाखवायला न्यूटनने एक उंच डोंगर कल्पिला. इतका उंच, की शिखरावर हवाच नाही. (आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. ते इथं कामाचं नाही.) शिखरावर तोफ आडवी लावली आणि बार काढला. गोळा काही अंतरावर जाऊन पडेल. दारू वाढवली, तो आणखी लांब पडेल. आता पृथ्वी गोल आहे हे ध्यानात घ्या. साधारण ८ किलोमीटर सरळ पुढे गेलं की तिचा पृष्ठभाग ५ मीटर खाली वळलेला असतो. आणि वस्तू एका सेकंदात पडते किती? तेच, जवळपास ५ मीटर. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास, नेमका ७.९, गेला की तो पडतोय तेवढीच जमीनही खाली वळतेय. जमीन त्याला कधी सापडतच नाही. दीड तासाच्या आतच तो मागून येऊन तोफेवर धडकेल, तेव्हा गोलंदाजाने बाजूला झालेलं बरं.

१९५७ मध्ये स्पुतनिकने हे खरं करून दाखवलं. आज आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण ९२ मिनिटांत एक फेरी मारतं. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला तिथे गेले, तेव्हा त्यांना तरंगताना सगळ्यांनी पाहिलं आणि 'तिथं गुरुत्वाकर्षण नसतं ना' हे वाक्य घरोघर ऐकू आलं. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. माणूस तरंगतो, कारण तो, त्याचं पेन, पाण्याचा थेंब आणि आख्खं स्थानक एकाच वेगाने मिळून पडत असतात. पायाखालची फरशीच पायाबरोबर पडत असेल तर पाय टेकणार कशावर?

गोफण कुठवर कामाची

हा विषय समजावताना मास्तर हमखास गोफण काढतात. काढावीच. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून राखण करणारा माणूस गोफण फिरवताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. त्याचा हात दगडाला सतत आत ओढत असतो. बाहेर ढकलणारं तिथं कुणी नसतं. आणि गोफणीची एक दोरी सोडली की दगड हातापासून थेट लांब जात नाही, तो त्या क्षणी ज्या दिशेला धावत होता त्याच दिशेने सरळ सुटतो. नेम धरायचा असतो तो याच हिशोबाने. पृथ्वीची ओढ आज रात्री बंद पडली तर चंद्राचंही तसंच होईल.

'केंद्रोत्सारी बल' नावाचं जे काही पुस्तकात असतं, ते फिरणाऱ्याच्या जागी बसून गणित मांडताना लागतं. चक्राकार झुल्यात बसलं की आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं, त्याचंच ते नाव. हिशोबाला ते सोयीचं आहे, त्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो चंद्राच्या चित्रात आत एक आणि बाहेर एक असे दोन बाण काढून खाली 'समतोल' लिहिण्यावर.

गोफण दोन बाबतींत मात्र फसवते. एक म्हणजे गोफणीत जड दगड घातला की हाताला जास्त ताण बसतो. कक्षेचं तसं नसतं. चंद्राच्या जागी चंद्राइतक्याच वेगाने सोडलेला नारळही जवळजवळ त्याच वाटेने फिरला असता. ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वळवायला लागणारा जोरही त्याच प्रमाणात, त्यामुळे वस्तुमान हिशोबातून गळून जातं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गोफण हळू फिरवा की जोरात, दोरीची लांबी तीच राहते. गुरुत्वाकर्षणाची दोरी तशी नाही. तिथं अंतर ठरलं की गोल कक्षेचा वेग ठरलाच.

आणि चंद्राला पुढे कोण ढकलतं? कुणीच नाही. वाटेत हवा नाही, घर्षण नाही, त्यामुळे एकदा मिळालेला वेग तसाच टिकतो. आपल्या सायकलला पायडल मारत राहावं लागतं म्हणून आपल्याला सगळीकडे ढकलणारा शोधायची खोड लागली आहे.

गुरूचे चार, आणि वजनकाटा

१६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूकडे वळवली आणि त्याच्या शेजारी एका ओळीत बारके तारे दिसले. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या. काही रात्रींत त्याच्या ध्यानात आलं की हे चार गोल गुरूभोवती फिरताहेत. आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. आयोची फेरी १.७७ दिवसांत, युरोपाची ३.५५, गॅनिमिडची ७.१५ आणि सर्वांत लांबच्या कॅलिस्टोची १६.७ दिवसांत. जितका जवळ तितका घाईत. केप्लरने ग्रहांसाठी जो नियम काढला होता तोच इथंही लागू पडतो. फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. (आयो, युरोपा आणि गॅनिमिडचे आकडे पुन्हा पाहा. प्रत्येक पुढचा जवळजवळ दुप्पट आहे. तिघे एकमेकांच्या ओढीने या तालात अडकले आहेत, आणि त्या ओढाताणीत आयो आतून इतका तापतो की त्याच्यावर ज्वालामुखी उसळत असतात. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने ते टिपले.)

आता आयोला आपल्या चंद्राशेजारी ठेवू. आयो गुरूपासून सुमारे ४,२२,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपला चंद्र पृथ्वीपासून आहे त्याहून थोडा लांबच. तरी आपला चंद्र सत्तावीस दिवस घेतो आणि आयो साडेबेचाळीस तासांत मोकळा होतो. दोघांत फरक आहे तो धन्याचा. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. ओढ एवढी जबर असताना खाली कोसळायचं नसेल, तर आयोला तसंच जिवाच्या आकांताने पळावं लागतं, सेकंदाला सतरा किलोमीटरहून जास्त.

हे उलटं चालवलं की हाती वजनकाटा येतो. चंद्राचं अंतर आणि फेरीचा काळ मोजा, ग्रहाचं वस्तुमान निघालंच. ग्रहावर पाय ठेवायची गरज नाही. प्लूटोचं यावरून नीट कळलं. १९७८ मध्ये जेम्स ख्रिस्टी यांना प्लूटोच्या छायाचित्रांत ठिपक्याला एका बाजूने आलेला फुगवटा दिसला, तो शेरॉन हा त्याचा चंद्र निघाला. फेरी ६.४ दिवसांची. हिशोब मांडला आणि तोवर भारदस्त समजला गेलेला प्लूटो पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा भरला. ज्यांना चंद्र नाही अशा बुध आणि शुक्राचं वजन काढताना खगोलशास्त्रज्ञांना बरीच खटपट करावी लागली, त्यांच्याजवळून याने पाठवल्यावर आकडे पक्के झाले.

सूर्य त्याला पळवून का नेत नाही

विद्यार्थी हा प्रश्न क्वचित विचारतात, आणि विचारला तर शिक्षकाची परीक्षा असते. कारण गणित केलं तर असं निघतं की चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीपेक्षा दुपटीहून जास्त आहे. सूर्य चारशे पट लांब असला तरी त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३,३३,००० पट आहे. मग चंद्र पृथ्वीचा कसा?

एसटीच्या एकाच बाकावर दोघे शेंगा खात बसले आहेत असं समजा. गाडी घाटात वळते, उतरते, वेग घेते. दोघांवरही गाडीचा जोर सारखाच चालतो, म्हणून त्यांच्यातल्या शेंगांच्या देवाणघेवाणीत खंड पडत नाही. पृथ्वी आणि चंद्र दोघेही सूर्याच्या ओढीने बरोबरीने वळत असतात. त्यांच्या आपसातल्या नात्यात सूर्य ढवळाढवळ करतो तो त्याच्या ओढीतल्या फरकापुरता, म्हणजे एक जण सूर्याला किंचित जवळ आणि दुसरा किंचित लांब, तेवढ्यापुरता. हा फरक पृथ्वीच्या ओढीपुढे फार लहान आहे.

अंतर वाढत गेलं की मात्र तो फरकही वाढतो. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर पृथ्वीची सत्ता संपते, त्यापलीकडे चंद्र टिकला नसता. हा आकडा ओळखीचा वाटेल. इस्रोचं आदित्य-एल१ याच अंतरावर, सूर्याच्या बाजूला, २०२४ च्या ६ जानेवारीपासून ठाण मांडून आहे. आपला चंद्र या हद्दीच्या साधारण चौथाई अंतरावर आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. बुधाची हद्द, तो सूर्याला इतका जवळ आणि अंगाने इतका हलका असल्यामुळे, फारच आखूड आहे.

थोडं जवळ, थोडं लांब

आतापर्यंत सोयीसाठी कक्षा गोल धरली. ती लंबवर्तुळ आहे. उपभूपाशी चंद्र साधारण ३,६३,००० किलोमीटरवर येतो, अपभूपाशी ४,०५,००० वर जातो. जवळ आला की पळतो, लांब गेला की रेंगाळतो. 'सुपरमून'चा जो गाजावाजा होतो तो यातल्या जवळच्या पौर्णिमेचा. नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणखी एक. ओढ दोन्हीकडून असते. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाएवढं आहे, त्यामुळे दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात आणि तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर पडतो. प्लूटो-शेरॉनच्या जोडीत तो प्लूटोच्या बाहेर आहे. तिथं कोण कुणाभोवती फिरतो हे ठरवणं कठीण.

पाऊणपट तिथी आणि ३.८ सेंटिमीटर

कोकणात किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ विचारा, तो आधी तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला, अष्टमी असेल तर सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. या तोंडी हिशोबात चंद्राच्या कक्षेचं भवितव्यही दडलेलं आहे.

चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी. त्यामुळे समुद्राला दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते आणि चंद्राला फेरीला सत्तावीस दिवस लागतात. ही घाईची पृथ्वी आपल्या घर्षणाने फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढून नेते. पुढे गेलेला हा पाण्याचा उंचवटा चंद्राला हलकेच पुढच्या बाजूला खेचत राहतो. आणि इथं कक्षेचा विचित्र स्वभाव दिसतो. पुढे ओढला गेलेला चंद्र बाहेरच्या कक्षेत चढतो, आणि बाहेरच्या कक्षेत वेग कमी असतो. पुढे ओढा, तो मागे पडतो.

हे मोजलेलं आहे. १९६९ च्या जुलैत अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास आरसे ठेवले, पुढच्या मोहिमांनी आणखी ठेवले. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडायचा, तो अडीच सेकंदांत जाऊन परत येतो, तो वेळ मोजून अंतर काढायचं. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातो आहे. नखं वाढतात साधारण त्याच गतीने. त्याच्या मोबदल्यात पृथ्वीची गिरकी मंदावते आणि शंभर वर्षांत दिवस मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांनी लांबतो. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या अंगावरच्या रोजच्या वाढीच्या रेघा जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये मोजल्या, तेव्हा त्या काळी वर्षात ४०० च्या आसपास दिवस असल्याचं दिसलं.

हीच रस्सीखेच चंद्रावर पृथ्वीने कधीच पुरी केली आहे. त्याची गिरकी तिने इतकी रोखली, की आता तो कायम एकच बाजू आपल्याकडे करून असतो. मागची बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १९५९ मध्ये, लूना-३ ने काढलेल्या छायाचित्रांत.

मंगळावर उलटा हिशोब

१८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या वेधशाळेत आसफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होते. काही हाती लागेना, ते सोडून द्यायच्या बेतात होते. पत्नी अँजेलिना स्टिकनी यांनी आणखी एकदा बघायला लावलं आणि डायमॉस व फोबॉस सापडले. फोबॉसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज स्टिकनी हे नाव आहे.

फोबॉस मंगळाच्या पृष्ठभागापासून जेमतेम ६,००० किलोमीटरवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी करतो. मंगळाचा दिवस मात्र साडेचोवीस तासांहून मोठा. चंद्र ग्रहाच्या गिरकीपेक्षा घाईत असल्याने तिथं तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. आणि मंगळाच्या अंगावरचा फुगवटा त्याच्या मागे राहतो, तो त्याला मागे ओढतो. मागे ओढलेला चंद्र आत घसरतो. फोबॉस शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटरने मंगळाजवळ येतो आहे.

तो थेट आदळेलच असं नाही. ग्रहाच्या एका मर्यादेच्या आत गेलं की चंद्राच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक त्याच्या स्वतःच्या बांधणीवर मात करतो आणि चंद्राचे तुकडे होतात. एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही मर्यादा काढली. शनीची प्रमुख कडी तिच्या आतच आहेत. १९९२ मध्ये शूमेकर-लेव्ही-९ हा धूमकेतू गुरूच्या फार जवळून गेला, त्याचे वीसेक तुकडे झाले आणि १९९४ च्या जुलैत ते ओळीने गुरूवर कोसळले. फोबॉसचे असे तुकडे होऊन मंगळालाही कडं पडेल, असा अंदाज आहे. त्याला पाच कोटी वर्षांच्या आत-बाहेर वेळ आहे.

पकडायचं तर ब्रेक हवा

जवळून जाणाऱ्या दगडाला ग्रह सहज पकडत असेल असं वाटतं. तसं होत नाही. घाटाच्या एका बाजूने सायकल सोडली तर तळाशी तिचा वेग सर्वांत जास्त असतो आणि त्याच वेगावर ती समोरचा चढ चढून जाते. बाहेरून आलेला दगडही ग्रहाकडे पडताना वेग घेतो आणि त्याच वेगाने दुसऱ्या बाजूने निघून जातो. तळाशी थांबवायचं तर कुणीतरी ब्रेक लावायला हवा.

चंद्रयान-३ च्या वेळी हे आपण पाहिलं. २०२३ च्या ५ ऑगस्टला यान चंद्रापाशी पोचलं तेव्हा इंजिन सुमारे अर्धा तास उलट्या दिशेने चालवून त्याचा वेग मुद्दाम कमी केला. तेव्हा कुठे ते १६४ गुणिले १८,०७४ किलोमीटरच्या कक्षेत अडकलं. ब्रेक लागला नसता तर ते चंद्राला वळसा घालून पुढे गेलं असतं.

निसर्गात इंजिन नाही, पण धडक आहे, तिसऱ्याची ओढ आहे. नेपच्यूनचा ट्रायटन ग्रहाच्या गिरकीच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे तो तिथं जन्मलेला नाही, बाहेरून आलेला आहे. तो मुळात जोडीने आला आणि जोडीदाराने निसटताना त्याचा वेग काढून घेतला, अशी एक मांडणी आहे. शनीच्या चंद्रांची संख्या २०२५ च्या मार्चमध्ये २७४ वर गेली. त्यातले बहुतेक असे पकडलेले किंवा पकडल्यावर फुटलेले बारके तुकडे आहेत. आपल्या चंद्राची गोष्ट वेगळी. कोवळ्या पृथ्वीवर मंगळाएवढा गोल आदळला आणि उडालेल्या मालातून तो घडला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

येत्या संकष्टीला एक करून पाहा. चंद्र गॅलरीतून ज्या क्षणी दिसेल ती वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या रात्री त्याच जागी उभे राहा. तो उशिरा येईल, कधी चाळीस मिनिटं, कधी तासभर, सरासरी पन्नास मिनिटं. त्या एका दिवसात तो आपल्या कक्षेत सुमारे तेरा अंश पुढे सरकलेला असतो, आणि पृथ्वीला तेवढं जादा फिरून त्याला गाठावं लागतं. किलोमीटरमध्ये सांगायचं तर अठ्ठ्याऐंशी हजार.